पातेल्याचं वजन

आमच्या ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. कुकरचं मोठं भांडं ३१६, लहान २२८, वरणाचं पातेलं ४०५, तवा ७६०, लोखंडी कढई १,१४०. सगळे आकडे ग्रॅममध्ये आणि सगळी भांडी रिकामी असतानाचे. साखरेचा डबा शोधायला एखाद्या पाहुणीने ते दार उघडलं की विचारणा होतेच. नवऱ्याने उत्तर ठरवून टाकलंय : "भंगारवाल्याला द्यायची यादी आहे."

खरं कारण एवढं गमतीचं नाही. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझी साखर काठावर आली आणि आहारतज्ज्ञ बाईंनी एक तक्ता हातात ठेवला. दुपारी एक वाटी भात, एक वाटी वरण, दोन पोळ्या, दिवसभरात तेल तीन चमचे. घरी येऊन मांडणीतल्या वाट्या पाण्याने भरून पाहिल्या. आहेरात आलेली वाटी १०५ मिलिलिटरची, रोजच्या पानातली १४०ची, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्या वाटीतून कढी पितात ती चांगली १९०ची. तक्ता एकच, पण वाटी बदलली की भात जवळजवळ दुप्पट. चमच्यांचं तर विचारूच नका.

म्हणून काटा आला. मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात अशा काट्यांची चळत लागलेली असते. पाच किलोपर्यंत तोलणारा, एकेका ग्रॅमने आकडा बदलणारा घेतला. वाण्याकडच्या काट्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो, ठरावीक काळाने तपासणी लागते. घरगुती काट्याला असलं काही नाही, त्यामुळे त्याची परीक्षा आपणच घ्यायची. सोपी युक्ती आहे. रुपयाचं चिन्ह असलेलं दहाचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. अशी तेरा नाणी ठेवली की शंभर ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. मोठ्या वजनासाठी पाणी आहेच, अर्धा लिटर म्हणजे पाचशे ग्रॅम. दुधाची पिशवी मात्र या कामाची नाही, दूध पाण्यापेक्षा जरा जड असतं आणि वर पिशवीचं वजन.

आत काय असतं, तर धातूची एक छोटी पट्टी. भार पडला की ती डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा उमटतो. त्यामुळे काट्याला सपाट जागा लागते. मुंबईतल्या ओट्याला मोरीकडे उतार दिलेला असतो, तिथे तो नीट बसत नाही. आमचा काटा मिक्सरशेजारी फळीवर असतो आणि तोलताना पंखा बंद, नाहीतर आकडा नाचत राहतो.

आणखी एक खोड. रिकाम्या वाटीचं वजन शून्य करून तिच्यात तीळ अगदी चिमटीचिमटीने सोडले तर काटा बराच वेळ शून्यच दाखवत राहतो. यात बिघाड नाही. शून्याच्या आसपास हळूहळू होणारी हालचाल म्हणजे धूळ किंवा तापमानाचा फरक असं धरून काटा स्वतःला पुन्हा शून्यावर आणत असतो, आणि त्यात आपले तीळ गिळून टाकतो. तेच तीळ एकदम ओतले तर असं होत नाही. थोडक्यात, एका ग्रॅमच्या काट्यावर दोन-तीन ग्रॅमची वस्तू तोलायच्या भानगडीत पडू नये. मीठ, हिंग, केशर ही त्याची कामं नव्हेत.

पण काटा हा या प्रकरणातला सोपा भाग. तो कुठे ठेवायचा, हा अवघड.

भाताचंच घ्या. खाल्लेलं लिहून ठेवायच्या मोबाइलवरच्या नोंदवहीत 'भात, १०० ग्रॅम' शोधलं तर एके ठिकाणी १३० कॅलरी दिसतात आणि दुसरीकडे ३५५. दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा शिजलेल्या भाताचा, दुसरा कोरड्या तांदळाचा. मधला फरक निव्वळ पाण्याचा, आणि पाण्याला कॅलरी नसते. तोच कोलम आमच्याकडे दुपारी मोकळा होतो आणि रात्री आईंच्या दातांसाठी आसट. एकाच मापाच्या तांदळाचं पातेल्यातलं वजन दोन्ही वेळा वेगळं. म्हणजे पानातल्या भाताचं वजन कितीही काटेकोर केलं तरी त्यातून तांदूळ किती पोटात गेला हे कळत नाही. त्यासाठी तांदूळ धुण्याआधीच तोलायला हवा.

मग एकाच पातेल्यातून चौघं जेवतात त्याचं काय? तिथे दारावरचा कागद कामी येतो. तांदूळ घेतला ३०० ग्रॅम. शिजल्यावर भांड्यासकट वजन आलं १,१७६, त्यातून भांड्याचे ३१६ गेले, उरला ८६० ग्रॅम भात. मी वाढून घेतला १५० ग्रॅम. तर माझ्या वाट्याला आला सुमारे ५२ ग्रॅम तांदूळ, १८५च्या आसपास कॅलरी. वरणाचं तेच, उसळीचं तेच. भांड्याचं वजन एकदाच करून ठेवलं की शिजलेलं अन्न बाहेर काढून तोलायची कटकट उरत नाही. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत उपयोगी वस्तू काटा नसून तो कागद आहे.

आईंना हे मुळीच पटलं नव्हतं. "अन्न असं तोलू नये गं. बरकत जाते." मी वाद घालायला सरसावले होते, पण त्यांच्याशी बोलता बोलता लक्षात आलं की त्यांचा विरोध मोजण्याला नव्हताच. त्यांचं सगळं बालपण मोजमापात गेलेलं. देशात मेट्रिक वजनं १९५८पासून लागू व्हायला लागली, पण गुहागरकडच्या त्यांच्या माहेरी भात पुढेही मापानेच मोजला जाई. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि वीस मणांची खंडी. खळ्यावर मोजणी सुरू झाली की पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. हे सांगताना त्यांचा हात हवेतच पायलीवरून फिरवून जास्तीचं धान्य खाली पाडत होता. सून रोजचे तांदूळ मापट्याने काढून द्यायची आणि सासू ते मोजून घ्यायची, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मोजायचं नाही ते जेवणाऱ्याच्या पानातलं. किती पोळ्या झाल्या असं विचारायचं नाही, वाढताना आकडा तोंडातून काढायचा नाही.

मला हा फरक फार शहाणपणाचा वाटला. कोठीत मोजा, पानात नको. आणि गंमत म्हणजे पोषणशास्त्राचं गणितही काट्याला त्याच बाजूला ओढतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते नव्याने काढले, ५२८ पदार्थांचे. त्यात पदार्थ म्हणजे तूरडाळ, बाजरी, पडवळ, बांगडा. आमटी किंवा भरीत नव्हे. आकडे कोरड्या, कच्च्या मालाचे, आणि ऊर्जा किलोज्यूलमध्ये, तिला ४.१८४ने भागलं की ओळखीच्या कॅलरी मिळतात. देशाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने आणून केलेल्या त्या सरासऱ्या आहेत. मोबाइलमध्ये कुणीतरी 'आमटी, एक बाउल' म्हणून जे भरून ठेवलेलं असतं, त्यापेक्षा मी डाळ, गूळ, खोबरं आणि तेल वेगवेगळं लिहिणं पसंत करते. वेळ जातो, पण निदान कुणाची आमटी ते माहीत असतं.

तडजोड अशी झाली : कच्चा माल तोलायचा, पान फक्त माझं तोलायचं, तेही स्वयंपाकघरात. दुसऱ्या कुणाच्या ताटाकडे काटा वळवायचा नाही.

आता तेल. इथे थोडं थांबायला हवं, कारण बाकी सगळ्या भाज्यांच्या चुका एकत्र केल्या तरी तेलाच्या एका चुकीला पुरत नाहीत. कोबी चाळीस ग्रॅम इकडेतिकडे झाला तर दहा कॅलरींचा फरक. तेल पाच ग्रॅम जास्त पडलं तर पंचेचाळीसचा, कारण एका ग्रॅमला नऊ कॅलरी. शिवाय तेल चमच्याने मोजलं तर चमचा ओसंडतो, थोडं चमच्यालाच चिकटतं, आणि एक लिटरची पिशवी म्हणजे ९१० ग्रॅम, हजार नव्हे. मिलिलिटर आणि ग्रॅम इथे एक नसतात.

त्यावरचा उपाय उलटा आहे. तेल तोलायचंच नाही, किटली तोलायची. किटली काट्यावर ठेवून शून्य करायचं, उचलून कढईत फोडणीपुरतं तेल ओतायचं आणि किटली परत ठेवायची. काटा दाखवतो : उणे २३. किटलीतून जे गेलं ते. तुपाच्या बरणीचं, शेंगदाण्याच्या कुटाच्या डब्याचं, गुळाचं, सगळ्यांचं असंच. भांडी खराब होत नाहीत आणि फोडणी करपत नाही. पहिल्यांदा तो उणे २३ पाहिला तेव्हा मी मनाशी 'दीड चमचा तेल' धरून चालले होते. प्रत्यक्षात ते पाच चमच्यांच्या घरात. भाजी चौघांची असली तरी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात एका माणसाला वरून घेतलेलं तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय, आणि आमच्याकडे दोन भाज्या, आमटीची फोडणी आणि पोळ्या असा रोजचा रगाडा.

पोळ्या आमच्याकडे मावशी करतात. सकाळी सातला येतात, साडेसातला खालच्या मजल्यावर गेलेल्या असतात. त्यांच्या कामात काटा घालायचा मला संकोच होता, पण कणीक भिजवलेली होती, त्या हात धूत होत्या, तेवढ्यात मी पाच गोळे एकामागून एक काट्यावर ठेवले. ४६, ४७, ४६, ४५, ४७. त्यांनी पदराला हात पुसत पाहिलं. "ताई, सोनं तोलताय का?" मी म्हटलं, मावशी, तुमचा हात दोन ग्रॅमच्या वर हलत नाही. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. "तेवढ्यात तेवढी पोळी व्हायला नको का?" म्हणाल्या आणि लाटायला लागल्या.

त्यांच्या हातामुळे माझं काम सोपं झालं. अर्धा किलो पिठाची भिजवलेली कणीक साधारण ८२० ग्रॅम भरते, म्हणजे ४६च्या गोळ्यात २८ ग्रॅम पीठ, नव्वद-पंच्याण्णव कॅलरी. आता घडीतलं तेल दोन ग्रॅम आणि वरचं तूप तीन ग्रॅम धरा, झाल्या आणखी पंचेचाळीस. पोळीच्या निम्म्याएवढं वर लावलेलंच. त्यामुळे पोळीबाबत मी पीठ तोलणं सोडून दिलंय, मावशींचा हात पुरेसा आहे. तुपाची बरणी तेवढी काट्यावर असते.

यातून माझी स्वतःची एक विभागणी झाली आहे. तेल, तूप, कूट, ओलं-सुकं खोबरं, साखर-गूळ, काजू-बदाम, तांदूळ, साबुदाणा, रवा : हे ग्रॅमवर. डाळी-कडधान्यं पाच-दहा ग्रॅमच्या फरकाने चालतील. पालेभाज्या, दुधी, काकडी, टोमॅटो : डोळ्याने. दुधी काटेकोर तोलून वर कूट मुठीने घालणारी मंडळी मला माहीत आहेत. शेंगदाणे शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी बाळगून असतात, दुधीची त्यांच्यापुढे काय मात्रा!

मासळीचं प्रकरण आणखी निराळं. सिटीलाइटच्या बाजारात कोळीण वाट्यावर देते, आणि किलोवर दिलं तरी ते वजन डोकं, शेपूट, पोटातली घाण आणि काट्यांसकटचं. घरी येऊन साफ केल्यावर तोलायचं हे झालं पहिलं. पण बोंबील तिथेही दाद देत नाही. त्याच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. साफ करून, चिरून, मीठ लावून वरवंट्याखाली दाबून ठेवला की ताटलीत पाणी साठतं आणि वजन डोळ्यांदेखत उतरतं. आधी तोललेला आणि नंतर तोललेला बोंबील हा एकच मासा, पोषणही तेवढंच, आकडे दोन. मी दाबण्याआधीचा लिहिते. तळताना त्याने तेल किती प्यायलं ते मात्र तव्यातलं तेल आधी आणि नंतर तोलूनच कळतं, आणि रविवारी दुपारी एक वाजता, घरात तो वास सुटलेला असताना, गरम तवा काट्यावर ठेवायची कुणाची शामत आहे? काट्याची काचही तडकेल. तिथे मी अंदाज लिहिते आणि तो मुद्दाम वरचा लिहिते.

घराबाहेर तर सगळा अंदाजच. डब्यातलं जेवण घरचं असल्याने कळतं. मुलुंड स्टेशनबाहेरचा वडापाव एकदा कागदात बांधून घरी आणला आणि वडा, पाव, सुकी चटणी वेगवेगळी तोलली. त्यानंतर डोळ्याला निदान आकाराची ओळख झाली. तेल किती मुरलं ते तळणाऱ्यालाच ठाऊक, त्यालाही नसावं. ऑफिसातला वाढदिवसाचा केक, शेजारून आलेली खीर, लग्नातली पंगत, यांची मी एक ठोकळ रक्कम टाकते आणि पुढे जाते. एका ग्रॅमचा काटा घरात असला म्हणून आयुष्य एका ग्रॅमने मोजता येत नाही, आणि मुळात तक्त्यातले आकडेच सरासरीचे आहेत. समोरचा हापूस सरासरी हापूस असेलच असं नाही.

सर्वांत जास्त गळती होते ती वेगळ्याच जागी. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. 'आम्ही दिवसाला बाराशे कॅलरींहूनही कमी खातो, तरी वजन हलत नाही' असं सांगणारी काही माणसं घेतली. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी त्यांना पाजलं, ते अणू शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात त्यावरून खर्च झालेली ऊर्जा काढली आणि तीवरून खाणं. माणसं जेवढं खात होती त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी लिहीत होती. माणसं थोडीच होती, पण आकडा वाचल्यापासून माझ्या डोक्यात बसलाय. मला ती खोटारडी वाटत नाहीत. मी रात्री साडेनऊनंतर आमच्या ओट्याशी काय होतं ते पाहिलंय. पातेल्याच्या बुडाशी चमचाभर भाजी उरते, ती कशात काढून ठेवायची म्हणून तोंडात जाते. मुलाने अर्धी टाकलेली पोळी. साय खरवडलेली. मीठ बघायला घेतलेली आमटी, मग गूळ बघायला घेतलेली आमटी. उभ्याने खाल्लेलं जेवणात धरायची पद्धत आपल्याकडे नाही, आणि उभ्याने खाणारी व्यक्ती घरोघरी एकच असते. तिच्या वहीत निम्मं कमी दिसलं तर नवल कसलं?

एक नोंद इथेच करते. माझ्या भाचीने कॉलेजात असताना असाच काटा घेतला होता. काही काळाने ती सफरचंदाच्या फोडी तोलायला लागली, मग बाहेर जेवायला येईनाशी झाली, मग घरातही आईने केलेलं खाईना, कारण त्यात काय घातलं ते तिने तोललेलं नसायचं. डॉक्टर आणि समुपदेशकांच्या सल्ल्याने तो काटा घरातून गेला आणि ते योग्यच झालं. ज्याला जेवणाचीच धास्ती वाटायला लागलीय त्याच्या हातात ही वस्तू देऊ नये. मला साखरेसाठी काही महिने हवी आहे, तीही निम्म्याअधिक पदार्थांसाठी आताच लागेनाशी झाली आहे.

उरलेल्या अन्नावर मात्र माझा आणि आईंचा वाद परवा नव्याने झाला. रात्रीच्या ८६० ग्रॅम भातातला ३१० उरला, मी तो तोंडात न टाकता डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी काढला तर २९८. रात्रभरात पाणी उडालं. आईंनी कांदा, मिरची, मूठभर शेंगदाणे घालून फोडणीचा भात केला आणि मी मोबाइल घेऊन उभी, की आता हा भात कुठल्या वजनाने लिहायचा.

"त्यात काय लिहायचंय? तांदूळ काल मोजलास ना?"

मोजला होता. ३१० ग्रॅम भातात १०८ ग्रॅम तांदूळ होता आणि डब्यातून पाणी उडालं तरी तांदूळ तेवढाच राहिला होता. सकाळी नवीन पडलं ते किटलीतलं उणे १८ आणि आईंच्या मुठीतले शेंगदाणे. मी मूठ काट्यावर रिकामी करायला सांगितली. त्यांनी कुरकुरत केली. ३४ ग्रॅम.

"आणि माझ्या पानातलं तोलायचं नाही हं," म्हणत त्यांनी आधी स्वतःला वाढून घेतलं.